भरदिवसाचा दिवा

पाथरी, मंगळवार, ता. २० जुलै १९३७

वडिलांच्या जागी असलेल्या दाजींच्या पायांवर मुंजाजीचं डोकं.

दाजी, फाल्गुनात आक्का गेली तवापासून तुमचं पत्र न्हाई आन् माझंबी न्हाई. काय लिवावं हेच सुचंना. आज लिवायलोय ते कामाचं हाय, म्हणून आधीच कान धरतो.

तुमाला ठावं हाय, आपलं भांड्याचं दुकान बापापासून नाशिकचा तयार माल आणून इकतंय. त्यात हाताला काई लागत न्हाई. औंदा ठरवलं, की दुकानामागं आपली भट्टी घालायची, दोन कारागीर ठेवायचे, आन् मार्गशीर्षातल्या लगनांसाठी आंदणाच्या घागरी, तांबे, परातं घरचीच करायची. कारागीर बोलून ठेवलेत. त्यासाठी तुमच्या सिकंदराबादेतल्या एका बँकेकडं कर्जाची दरखास्त केली. दुकान दाखवलं, जामीन दाखवला. काल कागद आला: देता येत न्हाई. कामून, ते लिवलेलं न्हाई. वळखीच्या कारकुनाला गाठून इच्यारलं, तर तो म्हन्ला, तुमची पत बरी न्हाई, असा अहवाल आलाय.

दाजी, माझी पत पाथरीच्या बाजारात हाय का सिकंदराबादेच्या कपाटात? आन् कपाटात असंल तर तिथं ठेवली कोणी? मला तर कुणी इच्यारलं न्हाई.

ते अहवाल ज्या कचेरीत बनतेत, तिथंच तुमी हाव. माय म्हन्ती, "जावई पत तोलायच्या दुकानात हायेत ना? मंग आपल्याला पावशेर जास्ती तोला म्हणावं." मी म्हणतो जास्ती नगं, पण काटा कुठं अडकलाय तेवढं बगा. दिवाळीपातूर पैका हातात न्हाई आला तर कारागीर दुसरीकडं जातील, आन् भट्टीचं सपन चुलीत.

तुमचा,
मुंजाजी

*

सिकंदराबाद, ता. २७ जुलै १९३७

चि. मुंजाजी यास बन्सीधरचे अंतःकरणपूर्वक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. चार महिन्यांच्या मौनाबद्दल तू क्षमा मागितली आहेस. तितकीच ती माझ्याकडूनही येणे आहे, असे समजावे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आमच्या कचेरीची रीत तुला समजावून सांगणे इष्ट होईल. बँका आणि मोठ्या पेढ्या आम्हांस वर्गणी देतात. त्यांच्याकडे कोणी कर्ज किंवा उधार माल मागितला, की त्या आमच्याकडे त्या व्यापाऱ्याचे नाव धाडतात. आमचे फिरते चौकशीदार गावोगाव जाऊन दुकान पाहतात, मालकाची राहणी पाहतात, बाजारातील बोलवा ऐकतात आणि जे दिसले ते लिहून पाठवितात. त्यावरून आम्ही मेजावर बसून अहवाल तयार करतो आणि तो मोहोरबंद लिफाफ्यातून वर्गणीदारास जातो. ज्याच्याविषयी तो असतो त्यास तो कधीही दाखविला जात नाही. असे न केल्यास खरे सांगण्यास कोणी धजणार नाही, हे त्यामागील तत्त्व आहे. सात वर्षे मी हे तत्त्व योग्य मानीत आलो आहे.

तेव्हा तुझा अहवाल कपाटातून काढून पाहणे मला शक्य नाही. आप्ताचा कागद आप्ताने हाताळू नये, असाही आमचा नियम आहे, आणि तो नियम मसुद्यात माझ्याच हाताने लिहिलेला आहे. याचा तुला राग येईल. येऊ द्यावा, परंतु त्यास माझी माया कमी झाली हे कारण कृपा करून देऊ नये.

माझी प्रकृती ठीक आहे. भोजन खाणावळीतून येते. तुझ्या दुकानातून लग्नात आलेली मोठी घागर तुझी बहीण स्वतः चिंचेने घाशीत असे. ती मी मोलकरणीस घासू देत नाही, परिणामी ती काळवंडली आहे. तुझ्या मातोश्री ती. आत्याबाईंस माझा नमस्कार सांगावा.

उत्तरास विलंब झाल्यास वाट पाहत बसू नये.

तुझा शुभचिंतक,
बन्सीधर

*

पाथरी, ता. ५ ऑगस्ट १९३७

दाजींना मुंजाजीचा आन् मायचा लय लय नमस्कार.

राग आलता. मायला पत्र वाचून दाखवलं तर ती म्हन्ली, "बरोबर हाय जावयाचं. उद्या तुझ्यासाठी कपाट उघडलं तर परवा सटवाजीसाठी उघडावं लागंल." सटवाजी म्हणजे आपल्या समोरचा किराणावाला, ज्याची पत कपाटात मावत न्हाई, कारण ती हायच न्हाई. मंग राग गेला.

पण दाजी, एक काडी पडली की गंजी पेटती, तसं व्हायलंय. मुंबईचा पितळी भांड्यांचा आडत्या, ज्याच्याशी बापाच्या काळापासून उधारीचा येव्हार, त्यानं लिवलंय की आता रोख. त्यानंबी तुमच्याच कचेरीची वर्गणी भरलेली दिसतीया. नाशिकवाला बोलतो गोड, पण माल धाडीना. बाजारात लोकं माझ्याकडं अशी बघायलीत जशी तापाच्या माणसाकडं बघतेत. सटवाजीनं तर इच्यारलं, "मुंजाजी, सगळं बरं हाय नव्हं?" त्याच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे!

मी कुणाचं बुडवलं न्हाई. मंग तुमच्या माणसाला दिसलं तरी काय? दुकान तर तेच हाय, मानवतच्या वाटेकडं तोंड करून, जसं बापानं ठेवलं तसं.

असो. तुमी नियम मोडू नगा. माय पारसलानं चिंचेचा गोळा धाडायलीय. म्हन्ती, घागर घासा, आन् स्वतः घासा.

आन् ते 'वाट पाहत बसू नये' तेवढं लिवणं सोडा. तुमचं ते वाक्य आलं की आक्का मोठ्यानं वाचायची आन् दुकानाच्या कडंला जाऊन बसायची.

मुंजाजी

*

सिकंदराबाद, ता. १९ ऑगस्ट १९३७

चि. मुंजाजी,

हे पत्र मी जितक्या शांतपणे लिहिता येईल तितक्या शांतपणे लिहीत आहे.

आमच्याकडे जुने अहवाल काही काळाने नव्याने तपासले जातात. गेल्या सोमवारी पाथरी तालुक्याचा गठ्ठा माझ्या मेजावर आला व त्यात तुझा कागद होता. मी तो नातेसंबंधाचे कारण लिहून वरिष्ठांकडे परत केला. परंतु परत करण्यासाठी नाव वाचावे लागते आणि नाव वाचताना त्याखालचा मजकूर दिसतो. तो दिसला. तो तुला कळविण्यास मला मनाई आहे. मात्र प्रश्न विचारण्यास कोणत्याही नियमाने मनाई केलेली नाही. म्हणून एकच प्रश्न विचारतो, त्याचे स्पष्ट उत्तर द्यावेस.

गेल्या मार्चच्या मध्यास तुझ्या दुकानात गादी गुंडाळून ठेवलेली होती काय, आणि तिच्या जागी भरदिवसा दिवा जळत होता काय?

या प्रश्नाचा अर्थ तुझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या मुलास उलगडून सांगावा लागू नये. देणे फेडणे अशक्य झाले, की जुन्या रीतीचा व्यापारी गादी गुंडाळतो, दुकानात भरदिवसा दिवा लावतो आणि जमिनीवर बसतो. ते पाहून बाजार समजतो की दिवाळे निघाले. आमचे चौकशीदार वयस्क व त्या जुन्या रीतीत मुरलेले गृहस्थ आहेत. त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावाचून काही लिहिल्याचे मला स्मरत नाही.

मुंजाजी, संकट आले असेल तर ते मला सांगण्यात कमीपणा नाही. तुझ्या बहिणीचे दागिने माझ्या पेटीत आहेत. त्यांवर माझ्याइतकाच तिच्या माहेराचाही अधिकार आहे. तू शब्द टाकलास तर मी ते घेऊन निघेन. हे उपकार म्हणून नव्हे. ती असती तर तिने मला न विचारताच दिले असते आणि मागाहून हसत सांगितले असते.

चिंच पोहोचली. अद्याप घागरीस हात लावलेला नाही.

उत्तराची वाट पाहत आहे, असे लिहिण्याची मला सवय नाही. परंतु तसे आहे.

बन्सीधर

*

पाथरी, ता. २४ ऑगस्ट १९३७

दाजींना नमस्कार.

तुमी स्पष्ट इच्यारलं, मी स्पष्ट सांगतो. दिवा लावला होता. गादीबी गुंडाळली होती. दिवाळं न्हाई निघालं, तवा न्हाई आन् आतापातूर न्हाई. याच्याहून जास्ती इच्यारू नगा, तुमाला आक्काची आण हाय.

दागिन्यांचं वाचून माय रडली, मंग भांडायला लागली. म्हन्ती, "माझ्या लेकीच्या गळ्यातलं इकून जी भट्टी पेटंल, तिच्यातलं भांडं मी कुणाच्या आंदणात घालू? जावयाला लिव, पेटी झाकून ठेवा म्हणावं."

कर्ज न्हाई भेटलं तर न्हाई. नाशिकचा माल इकत बापानं जलम काढला, मीबी काढीन. तुमी काळजी करू नगा.

मुंजाजी

*

सिकंदराबाद, ता. ३१ ऑगस्ट १९३७

चि. मुंजाजी,

तुझ्या उत्तराने माझे समाधान झाले नाही, आणि ते का झाले नाही हे मी क्रमाने मांडतो, म्हणजे माझ्यावर अन्यायाचा दोष येणार नाही.

तो दिवा सुतकाचा असावा, असा विचार माझ्या मनात प्रथम आला. जिथे प्राण गेला तिथे दिवा ठेवण्याची आपली रीत आहे. परंतु विचारांती ते टिकत नाही. तुझी बहीण माजघरात, झोपेत गेली, असे तुम्ही मला सांगितलेत. दुसऱ्या दिवशी मी पाथरीस पोहोचलो तेव्हा दिवा माजघरातच जळत होता. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याच्यासमोर मी बसलोही आहे. दुसरे असे की, दिलेल्या मुलीचे सुतक माहेरी तीन दिवसांचे. पुढचे सर्व विधी मी अस्थी घेऊन गंगाखेडला गोदावरीकाठी केले. आमचे चौकशीदार तुझ्या दुकानी आले ते सतरा मार्चला, म्हणजे तुमचे सुतक फिटल्यानंतर काही दिवसांनी. तेव्हा तो दिवा शोकाचा असणे शक्य नाही. आणि तो शोकाचा नसेल, तर भरदिवसा दुकानात दिवा जळण्यास माझ्या माहितीत दुसरे एकच कारण उरते.

तू ते नाकारतोस आणि खरे कारणही सांगत नाहीस. वर तिची शपथ घालतोस.

मी तर्काने चालणारा मनुष्य आहे, आणि तर्क मला एका अप्रिय ठिकाणी आणून सोडतो. ज्या घरात चौदा वर्षे कोणत्या पाटावर बसावे हे मला कधी पाहावे लागले नाही, जिथे पंक्तीत तूप मला आधी आणि तुला मागाहून मिळे व तू त्यावरून आत्याबाईंशी भांडत असस, त्या घरात आता माझ्यापासून झाकून ठेवण्यासारखे काही आहे. नाते जिच्यामुळे होते ती गेली. तेव्हा नातेही संपले, असे तुम्हांस वाटले असल्यास त्यात वावगे काही नाही. बहुतेक ठिकाणी तसेच होते. फक्त ते मला स्पष्ट कळवावे, म्हणजे मीही त्याप्रमाणे वागेन.

वाट पाहत बसू नये.

बन्सीधर

*

पाथरी, ता. ७ सप्टेंबर १९३७

दाजी,

तुमचं पत्र मायला वाचून दाखवलं. 'नाते संपले' हे आलं तशी ती उठली, माझ्या हातातलं पत्र घेतलं आन् म्हन्ली, "बस झालं तुझं झाकणं. लिव सगळं. त्यांना दुखलं तर दुखू दे, पण परकं वाटलेलं मला चालायचं न्हाई." म्हणून लिवायलोय. आण मीच घातली होती, मीच काढून घेतो.

आक्का माजघरात न्हाई गेली. दुकानात गेली, गादीवर.

ती माहेरी आजारी पडल्याचं कळवलं, तवा तुमचं पत्र आलं होतं, सोमवारी पोचतो म्हणून. सोमवारी सकाळीच ती म्हन्ली, "मला बाहीर न्या, आत नुसती भिंत दिसती." ताप होता, पण बोलणं सगळं शुद्धीचं. मी आन् मायनं तिला उचलून दुकानात आणलं, गादीवर निजवलं, पाठीला लोड दिला. तिथून मानवतची वाट दिसती, तुमाला ठावंच हाय. रेल्वेवरून येणारा टांगा वळला की आधी घोड्याचे कान दिसतेत, मंग तुमची टोपी. दर वेळंला ती तिथंच बसून बघायची, लगीन झालं तवापासून.

सोमवारी तुमी न्हाई आलात. मागून कळलं, कचेरीतून रजा मंजूर झाली न्हाई. तिला मी म्हन्लो, "दाजींनी लिवलंय ना, वाट पाहत बसू नये?" तर हसली. म्हन्ली, "अरे येड्या, ज्याला कुणी वाट बघितलेली नको असती, तो हे लिवतच न्हाई. त्यांना लय आवडतं. उतरल्यावर आधी इकडं बघतेत, मी दिसले की मंग टोपी नीट करतेत." खरं का खोटं, तुमचं तुमाला ठाऊक.

मंगळवारी बी तिथंच होती. एक बाई तांब्या घ्यायला आली, भाव पाडून मागायली. मी देऊन टाकायलो होतो. आक्का पडल्या पडल्या म्हन्ली, "बाई, वाजवून बगा की. असा वाजणारा तांब्या सुनंला देशाल, तिच्या सुनंलाबी जाईल." बाईनं वाजवला आन् सांगितला भाव दिऊन नेला. आक्का माझ्याकडं बघून म्हन्ली, "शीक जरा. आन् भट्टी घाल. दुसऱ्याचा माल किती दिवस वाजवशील?" भट्टीचं मला तिनंच सांगितलं, दाजी. तोवर माझ्या डोक्यात न्हवतं.

दुपार कलली तवा तिनं वाटेकडंच तोंड केलं होतं. मायनं पाणी पुढं केलं, तर तिनं हातानं 'थांब' केलं, जसं कुणी येताना दिसल्यावर करतेत. मंग हात खाली आला.

तुमी बुधवारी आलात. टांग्यातून उतरलात, दुकानाकडं बघितलंत, आन् टोपीला हात न्हाई लावला. ते मी बघितलं, आन् आधी ठरवलं होतं तेच पक्कं केलं, की तुमाला दुकानाचं सांगायचं न्हाई. मायचंबी तेच. ती म्हन्ली, "जावई हिशेबी हायेत. ती दोन दिस वाट बघत होती हे कळलं तर जलमभर त्या दोन दिवसांचा हिशेब करत बसतील." म्हणून तुमी यायच्या आधीच आमी दिवा उचलून माजघरात नेला होता, गादी झटकून घातली होती.

तुमी अस्थी घेऊन गंगाखेडला गेलात. तुमची पाठ वळली तशी मायनं दिवा परत दुकानात आणला. जिथं जीव गेला तिथंच दिवा पाहिजे, म्हन्ली. मी म्हन्लो, आपलं सुतक तीन दिवसांचं. तर म्हन्ली, "माझ्या लेकीला तीन दिसांचं माप लावू नगंस. तिकडं गंगेवर दाही दिवस होतील, इकडंबी होतील." मंग दहा दिवस गादी गुंडाळलेली, दिवा लावलेला, आन् आमी दोघं भुईवर. दुकानाचं दार मायनं लावू दिलं न्हाई. वाट दिसली पाहिजे, म्हणून.

त्यात तो तुमचा माणूस आला. आता ध्यानात येतंय. म्हातारा, काळा कोट. उंबऱ्यात उभा राह्यला, दिव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, दुःखाला आलेला कुणी आक्काच्या सासरच्या गावचा असंल. मी म्हन्लो, "बसा." तो म्हन्ला, "न्हाई, अशा वेळंला बसू नये. देवाची इच्छा. चांगल्या चांगल्यांवर ही पाळी येती. धीर धरा." डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या! तो गेल्यावर माय म्हन्ली, "कोण होता रे तो भला माणूस? वळख ना पाळख, पण किती कळवळा." दाजी, तो आमच्या दिवाळ्यापायी रडला, आन् आमी त्याला आक्काच्या दुःखाला आलेला समजलो. त्याच्यावर कसा राग धरू?

आता समदं सांगितलं. कर्जाचं काय व्हायचं ते होवो. पण परकं म्हणू नगा.

तुमचाच,
मुंजाजी

*

पाथरी, ता. ५ ऑक्टोबर १९३७

दाजींना मायचा आन् मुंजाजीचा नमस्कार.

महिना होत आला, तुमचं पत्र न्हाई. माय रोज इच्यारती, आन् मी रोज सांगतो की टपाल उशिरा चाललंय. ती म्हन्ती, "टपाल उशिरा न्हाई, आपण घाई केली." आमी लिवायला नको होतं का? दोन ओळी टाका. काई न्हाई तर तुमचं ते नेहमीचं वाक्य तरी टाका.

एक सांगायचं राह्यलं. परवा एक नवीनच गृहस्थ दुकानी आले. ह्या बारीला मायनं उंबऱ्यातच अडवलं आन् इच्यारलं, "दुःखाला आलात का धंद्याला?" ते बिचकले. म्हन्ले, "धंद्याला." "मंग बसा," म्हन्ली, "आन् चहा घेऊन बोला. मागच्या बारीला एक जण उभ्याउभ्याच गेला, ते आमाला लय महाग पडलं." त्यांनी चहा घेतला, सगळं इच्यारलं, भट्टीची जागा बघितली. जाताना दुकानात मधी उभं राहून इच्यारलं, "दिवा नेमका कुठं होता?" मायनं गादीची जागा दाखवली. ते जरा वेळ तिथं उभे राह्यले. 

त्यांना दिव्याचं कुणी सांगितलं, हे मी तुमाला इच्यारत न्हाई.

मुंजाजी

*

सिकंदराबाद, ता. १८ ऑक्टोबर १९३७

चि. मुंजाजी यास, आणि त्याच्या शेजारी बसून हे ऐकणाऱ्या ती. आत्याबाईंस, बन्सीधरचा नमस्कार व आशीर्वाद, ज्याचा जो असेल तो.

तुझे सात सप्टेंबरचे पत्र मी कचेरीत उभ्याने उघडले.  त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. या खेपेस ती तत्काळ मंजूर झाली. उत्तर लिहिण्यास मी अनेकदा बसलो. प्रत्येक वेळी मजकूर व्याकरणशुद्ध होई आणि निरुपयोगी ठरे. म्हणून प्रथम जे करता येण्यासारखे होते ते केले.

ते काय, हे कळविण्यास हरकत नाही, कारण तो माझाच कागद आहे. मी वरिष्ठांस दिलेले निवेदन येथे उतरवितो:

'पाथरी येथील भांड्यांच्या दुकानात गेल्या सतरा मार्च रोजी आढळलेला दिवा दिवाळ्याचा नव्हता. तो दुकानमालकाच्या बहिणीसाठी लावलेला होता. तिचे त्याच जागी निधन झाले. ती खाली सही करणाराची पत्नी होती व त्याची वाट पाहत होती. आपल्या चौकशीदारांनी जे पाहिले ते बरोबर लिहिले. केवळ दिवा कोणाचा, हे विचारावयाचे राहिले. आप्त असल्यामुळे याहून अधिक मत देण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या माणसाकडून नव्याने चौकशी व्हावी, ही विनंती.'

'वाट पाहत होती' हे शब्द चौकशीच्या दृष्टीने अनावश्यक होते. मी ते दोनदा खोडले व पुन्हा लिहिले. वरिष्ठांनी ते तसेच राहू दिले. ज्या वयस्क चौकशीदारांनी पूर्वी तुझ्याकडे भेट दिली होती, त्यांस मी स्वतः जाऊन सर्व सांगितले. ते म्हणाले, "मी सांत्वन तर बरोबर घरी केले." आता आमच्या कचेरीत अशी सूचना निघाली आहे की, दुकानात शोकाची किंवा संकटाची कोणतीही खूण दिसल्यास तिचे कारण मालकास समक्ष विचारल्यावाचून अहवाल लिहू नये. हा मसुदाही माझ्याच हाताचा आहे. आत्याबाईंचा प्रश्न त्यात मी शक्य तितक्या सभ्य भाषेत घातला आहे. मूळचा अधिक चांगला होता.

नवीन अहवाल वर्गणीदारांकडे रवाना झाला आहे. त्यात काय आहे हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी मी सांगितले नसते. बँकेचा कागद तुला या पत्राच्या मागेपुढे मिळेल. भट्टीसाठी विटा सांगून ठेवण्यास मात्र प्रत्यवाय दिसत नाही.

आता त्या दोन दिवसांविषयी. आत्याबाईंचे भाकीत खरे ठरले. मी हिशेब करीत बसलो. पुष्कळ दिवस केला. परंतु तुझ्या पत्रातील एक जमेची बाजू मला वजा करता येईना: ती त्या दोन दिवसांत हसली, एका बाईस तांब्या विकला, आणि तुला भट्टी घालावयास सांगितले. भिंतीकडे तोंड करून झोपेत गेली असती तर यांतले काहीच झाले नसते. तुम्ही मला ते झाकून सांगितलेत, ते मायेने. उघडून सांगितलेत, तेही मायेने. माझे 'नाते संपले' हे शब्द मी परत घेतो. ते पत्र आत्याबाईंनी चुलीत घालावे.

टोपीविषयी तिने जे सांगितले ते खरे आहे. हे तिला दिसत असेल, अशी माझी कल्पना नव्हती.

रविवारी मी घागर घासली, आत्याबाईंच्या चिंचेने, स्वतः. दोन्ही हात पिवळे झाले. ती आता उजेडात खिडकीशी ठेवली आहे आणि वाजविली असता चांगली वाजते.

माझी एक विनंती आहे. या वर्षी तुमच्या घरी दिवाळीचे दिवे लागणार नाहीत, हे योग्यच आहे. तरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गादीच्या त्या जागी एक दिवा ठेवावा. त्या दिवशी सबंध बाजार दिवे लावतो. आपल्या दिव्याचा अर्थ कोणी लावत बसणार नाही. मी तेथे असेन. पाडव्याचा दिवस तुझ्याकडे राहीन, आणि भाऊबीजेसही. तुला ओवाळण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या दिवशी तू एकटा पाटावर बसू नयेस, इतके माझ्याने होईल. तूप तुला आधी वाढावे, मला मागाहून.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मानवत रोडला उतरेन आणि टांगा करून निघेन. गाडीस उशीर होण्याचा संभव आहे.

वाट पाहावी.

तुमचा,
बन्सीधर